मोटारीचे अँपिअर आणि पिकाचे पाणी

(रब्बी हंगामापूर्वी घेतलेल्या शेतकरी प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या हा माझा विषय. तेव्हा आज मी विजेवर बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण गव्हाच्या शेतावर गेल्यावर "फुटवे इतके कमी का?" असे विचारले, की बरेचदा उत्तर मिळते, "साहेब, ऐन पाण्याच्या वेळी मोटार जळाली." गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाणी हवेच असते. त्या आठवड्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पडून राहिली, तर पुढे कितीही पाणी दिले तरी फुटव्यांची कसर भरून निघत नाही. रिवाइंडिंगचा खर्च दिसतो, तो आपण वहीत लिहितो. फुटव्यांचा तोटा कोणी लिहीत नाही, आणि तो बहुधा मोठा असतो.

मोटार जळण्याआधी बहुतेक वेळा काही दिवस सूचना देत असते. ती सूचना अँपिअरच्या आकड्यात असते. तो आकडा वाचता यावा आणि त्यावरून चार सोपी गणिते करता यावीत, एवढाच आजचा उद्देश आहे. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे. वायरमनचे काम आपण करायचे नाही. पण वायरमन काय सांगतो ते आपल्याला कळले पाहिजे.

दाब, प्रवाह आणि रोध

ठिबकचा संच आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. टाकी उंचावर असेल तर पाण्याला दाब जास्त मिळतो. नळीतून तासाला किती लिटर पाणी गेले हा झाला प्रवाह. आणि नळी बारीक, लांब किंवा चिखलाने तुंबलेली असेल तर पाण्याला अडथळा होतो, तो झाला रोध. विजेचेही असेच आहे. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात. जर्मनीतील गेओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली यांचे नाते मांडले, म्हणून रोधाच्या एककाला त्याचे नाव मिळाले. नाते असे:

दाब = प्रवाह × रोध
म्हणून रोध = दाब ÷ प्रवाह

आणि वीज किती काम करते, म्हणजे शक्ती किती, हे काढायचे तर:

शक्ती (वॅट) = दाब × प्रवाह

घरातले उदाहरण घेऊ. पाणी तापवण्याच्या कॉइलवर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिलेले असते. १००० ला २३० ने भागले की ४.३५ अँपिअर, हा तिचा प्रवाह. आता २३० ला ४.३५ ने भागा, सुमारे ५२.९ ओहम येतात. हा त्या कॉइलचा रोध. संध्याकाळी गावात दाब १८० व्होल्टवर आला तर काय होईल? रोध साधारण तोच राहतो, म्हणून प्रवाह १८० ÷ ५२.९ म्हणजे ३.४ अँपिअर, आणि शक्ती १८० × ३.४ म्हणजे ६१२ वॅट. दाब पाचव्या हिश्शाने उतरला, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. म्हणून अशा वेळी आंघोळीचे पाणी लवकर तापत नाही. कॉइलला मात्र त्याने काही धोका नाही. ती कमी प्रवाह घेते आणि गप्प बसते.

मोटारीचे वागणे उलटे

इथेच शेतकऱ्याची फसगत होते. दिवा मंद झाला म्हणजे वीज कमी आहे, तेव्हा मोटारही सावकाश चालेल आणि तिला त्रास होणार नाही, असा समज आहे. तो खरा नाही. मोटारीला विहिरीतले पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. दाब कमी पडला की तेवढेच काम करण्यासाठी ती प्रवाह जास्त ओढते.

आकडे पाहू. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ५ अश्वशक्तीची मोटार शाफ्टवर ३७३० वॅटचे काम देते. ती ८० टक्के कार्यक्षम धरली, तर वायरीतून तिला सुमारे ४६६० वॅट लागतात. तीन फेजच्या मोटारीसाठी शक्तीचे सूत्र थोडे वेगळे आहे:

शक्ती = १.७३२ × दाब × प्रवाह × पॉवर फॅक्टर

यातला दाब म्हणजे दोन फेजमधला, म्हणजे साधारण ४१५ व्होल्ट. पॉवर फॅक्टर म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. मोटार जेवढा प्रवाह घेते तेवढा सगळा पाणी उपसण्याच्या कामी येत नाही. काही भाग मोटारीत चुंबकत्व तयार करण्यासाठी नुसता ये-जा करतो. म्हणून १.७३२, दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार हा पूर्ण आकडा, आणि त्यातला जेवढा हिस्सा खऱ्या कामाचा तो पॉवर फॅक्टर. तो ०.८ धरला तर ४६६० ÷ (१.७३२ × ४१५ × ०.८) म्हणजे ८.१ अँपिअर येतात. आपल्या मोटारीचा नेमका आकडा तिच्या प्लेटवर लिहिलेला असतो. पाणबुडी मोटारीचा तो याहून जास्तही असू शकतो. प्लेटवरचा आकडा हाच प्रमाण मानावा, माझा नव्हे.

आता दाब ३३० व्होल्टवर उतरला असे समजा. डीपीपासून लांबच्या विहिरींवर हे नवीन नाही. काम तेवढेच, म्हणून प्रवाह ८.१ × ४१५ ÷ ३३०, म्हणजे जवळजवळ १०.२ अँपिअर. दोनच अँपिअर वाढले, त्यात काय बिघडले, असे वाटेल. पण वायरीत किंवा वाइंडिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता ही प्रवाह × प्रवाह × रोध या हिशेबाने वाढते. प्रवाह सव्वापट झाला की उष्णता दीडपटीहून अधिक होते. वाइंडिंगच्या तारेवरचे वेष्टन ही उष्णता सोसते, पण त्याचे आयुष्य कमी होते. दर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीला वेष्टनाचे आयुष्य साधारण निम्मे होते असा विद्युत क्षेत्रातला ठोकताळा आहे. म्हणजे मोटार आज जळली तरी ती मागच्या दोन हंगामांपासून जळतच होती.

एक फेज गेला तर याहून वाईट. चालू मोटार घोंघावत राहते, पण उरलेल्या दोन तारांतला प्रवाह सुमारे १.७३ पट होतो आणि त्या वाइंडिंगमधली उष्णता तिप्पट. काही मिनिटांत खेळ आटोपतो. दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवण्याची युक्ती गावोगाव सांगितली जाते. ती करणाऱ्याने मोटारीसोबत वाइंडिंगवाल्याचा पत्ताही जवळ ठेवावा.

जाता जाता एक खुलासा. काही हुशार तरुण ४१५ ला ८.१ ने भागून मोटारीचा रोध पन्नास ओहम काढतात, आणि मीटर लावल्यावर वाइंडिंगचा रोध थोडेसेच ओहम दिसला की मोटार शॉर्ट झाली असे समजतात. तसे नाही. मोटार फिरू लागली की तिच्या वेटोळ्यात उलटा दाब तयार होतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. म्हणूनच सुरू होताना, मोटार अजून थांबलेली असताना, ती नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह घेते. पंपात खडा अडकून ती फिरलीच नाही, तर तो प्रवाह तसाच राहतो. वाइंडिंगच्या रोधात पाहायचे ते एवढेच, की तिन्ही फेजचे आकडे सारखे आहेत का.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले हा अशा वेळचा राखणदार आहे. तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणे किंवा त्याला बाजूला टाकून जोडणी डायरेक्ट करणे, हे मी इतक्या विहिरींवर पाहिले आहे की आता बोलायचा कंटाळा येतो. रिले प्लेटवरच्या अँपिअरला लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले कोठे जोडला आहे यावर तो आकडा बदलतो, तेथे वायरमनकडून लावून घ्यावा.

केबलीत हरवलेली एक अश्वशक्ती

आता रोधाकडे वळू. ठिबकची लॅटरल फार लांब नेली तर शेवटच्या झाडाला पाणी कमी पडते, हे आपण जाणतो. केबलीचेही तेच. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १७ ओहम असतो, ॲल्युमिनियमचा सुमारे २८ ओहम. जाडी दुप्पट केली की रोध निम्मा, लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट.

समजा, मीटरच्या पेटीपासून विहीर ३०० मीटरवर आहे आणि स्वस्त मिळाली म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल टाकली. किलोमीटरला रोध २८ ÷ २.५ म्हणजे ११.२ ओहम. ३०० मीटरला ३.३६ ओहम. मोटार ९ अँपिअर घेत असेल तर दाबातली घट १.७३२ × ९ × ३.३६, म्हणजे ५२ व्होल्ट. पेटीवर ४०० व्होल्ट असले तरी मोटारीला ३४८ च मिळतात. आपण मात्र महावितरणच्या नावाने बोटे मोडतो. तीन तारांत मिळून उष्णतेत गेलेली वीज ३ × ९ × ९ × ३.३६, म्हणजे ८१६ वॅट. एक अश्वशक्तीहून जास्त! ती केबल जमीन तापवण्यात घालवते.

त्याच अंतरावर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर रोध ३०० मीटरला सुमारे ०.८६ ओहम, दाबातली घट १३ ते १४ व्होल्ट आणि वाया जाणारी वीज २१० वॅटच्या आसपास. किंमत जास्त आहे हे मान्य. पण विहिरीवर दर दोन वर्षांनी वाइंडिंग करावे लागत असेल, तर तो हिशेब शेजारी मांडून पाहावा.

२०२४ मध्ये राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना आली, तेव्हापासून काही जण म्हणतात, वीज वाया गेली तर जाऊ दे, बिल कोठे येते? बिल येत नसले तरी तेवढ्याच तासांत पाणी कमी निघते आणि मोटार तापते. ते तोटे आपलेच आहेत.

सांध्यांकडेही लक्ष हवे. केबलीला जोड देताना तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, तर त्या एका ठिकाणी अर्धा ते एक ओहम रोध सहज तयार होतो. १० अँपिअर प्रवाहाला एक ओहम म्हणजे १० × १० × १, शंभर वॅट. जुना शंभराचा बल्ब त्या जोडात पेटवून ठेवल्यासारखे ते आहे. पट्टी वितळते, तार काळी पडते, रोध आणखी वाढतो आणि एके दिवशी तो फेज तुटतो. मग पुन्हा सिंगल फेजिंग. स्टार्टरच्या काळ्या पडलेल्या काँटॅक्टची आणि सैल किटकॅटची गोष्ट हीच आहे.

डीपी सगळ्यांची

एका ६३ केव्हीएच्या डीपीवर विचार करू. ६३,००० ÷ (१.७३२ × ४१५) म्हणजे सुमारे ८७ अँपिअर, इतका प्रवाह ती प्रत्येक फेजला सतत देऊ शकते. ५ अश्वशक्तीच्या दहा मोटारी ८ अँपिअर प्रमाणे ८० अँपिअर घेतात. म्हणजे डीपी भरली. आता प्रत्येकाने ऑटो स्विच बसवला आहे आणि रात्री वीज आली. दहाही मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येकी पाचपट प्रवाह घेत. ४०० अँपिअर! दाब कोसळतो, मोटारी वेग घेत नाहीत, त्यामुळे तो मोठा प्रवाह लवकर खाली येत नाही, आणि तेल तापून डीपी जाते. मग नवी येईपर्यंत दहा जणांचा गहू, हरभरा, कांदा एकदमच वाळतो. डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू करण्याचा क्रम ठरवावा. ऑटो स्विच ठेवायचाच असेल तर प्रत्येकाचा वेळ वेगळा लावता येणारा घ्यावा. आकड्यांनी घेतलेली जादा मोटार या हिशेबात कोठे बसते, ते मी सांगायला नको.

कपॅसिटर म्हणजे आपला कंडेन्सर, तोही येथे उपयोगी पडतो. ५ अश्वशक्तीला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ च्या आसपास जातो. वरचेच सूत्र वापरा: ८.१ चे ६.८ अँपिअर होतात. ही बचत डीपीपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेत होते, मोटारीच्या आतल्या प्रवाहात नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. पण दहा जणांनी लावला तर डीपीवरचे १३ अँपिअर हलके होतात आणि सगळ्यांचा दाब सुधारतो.

एका हंगामाची नोंद

क्लिप-ऑन मीटर, ज्याला टाँग टेस्टर म्हणतात, तो गटाने मिळून एक घ्यावा. तार न कापता, वेष्टनावरूनच एका वेळी एका तारेला तो अडकवायचा. पायात कोरडी चप्पल, खाली फळी, आणि स्टार्टरची पेटी उघडण्याचे काम वायरमनकडे. तिन्ही फेजचे अँपिअर आणि दाब पंधरा दिवसांतून एकदा वहीत लिहावेत. तीन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर सांधे, किटकॅट आणि वाइंडिंग तपासून घ्यावे.

त्याच वेळी दोनशे लिटरचा पिंप भरायला किती सेकंद लागतात तेही पाहावे. २५ सेकंद लागले तर पंप सेकंदाला ८ लिटर पाणी देतो. एक लिटर पाणी सेकंदाला एक मीटर चढवायला सुमारे ९.८ वॅट लागतात. एकूण उचल २५ मीटर असेल तर ८ × २५ × ९.८ म्हणजे १९६० वॅट. मोटार ४६६० वॅट घेत असेल तर शंभरातले ४२ वॅट पाण्याच्या कामी आले. अँपिअर तेवढेच आणि पिंप भरायला चाळीस सेकंद लागू लागले, तर दोष विजेत शोधू नये. फूट व्हॉल्व्ह, सक्शनमधली हवा, झिजलेला इंपेलर हे आधी पाहावे.

सौर पंपाचे गणित सोपे आहे, कारण पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहते आणि तेथे पॉवर फॅक्टर येत नाही. पॅनेलच्या पाठीवर ३७.५ व्होल्ट आणि ८.८ अँपिअर लिहिले असेल, तर गुणाकार ३३० वॅट. ढग आले की दाब फारसा उतरत नाही, पण प्रवाह उजेडाच्या प्रमाणात घटतो. धुळीनेही तेच होते. तेव्हा पॅनेल सकाळी, ती थंड असताना, पुसावीत.

अर्थिंग

मघापासून मोटार वाचवण्याचे बोललो. आता माणसाचे. ओल्या हातापायाच्या माणसाचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर जातात. मोटार घेते त्याच्या पस्तिसाव्या हिश्शाइतका हा प्रवाह. पण छातीतून गेलेला ०.०५ अँपिअरही हृदय बंद पाडू शकतो. रानडुकरांसाठी कुंपणात मेन लाइनची वीज सोडणारे हाच प्रवाह रात्री शेतात पसरून ठेवतात. त्यात डुकराआधी शेजारी सापडतो, कधी घरचे पोर.

मोटारीचे वेष्टन फुटून फेज बॉडीला लागला, तर फ्यूज जाईल असे आपण समजतो. गणित करून पाहा. अर्थिंगच्या वाटेचा रोध डीपीकडचा धरून एकूण ४० ओहम असेल, तर प्रवाह २३० ÷ ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर. सोळा अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. बॉडी जिवंत राहते आणि मोटारीला हात लावणाऱ्याची वाट पाहते. हाच रोध ३ ओहमवर आणला तर ७६ अँपिअर वाहतात आणि फ्यूज तत्काळ वितळतो, अर्थात फ्यूज योग्य तारेचा असेल तर. किटकॅटमध्ये केबलीची जाड तार बसवली असेल तर अर्थिंग काय करणार?

मुरमाड आणि खडकाळ रानात ३ ओहम मिळणे अवघड जाते. म्हणून अर्थिंगसोबत आरसीसीबी बसवून घ्यावा. गळतीचा प्रवाह ०.०३ अँपिअर झाला की तो वीज तोडतो. विहिरीवरच्या जोडणीला कोणता बसतो ते वायरमनला विचारावे, आणि तो सारखा पडतो म्हणून काढून टाकू नये. पडतो म्हणजे कोठेतरी गळती आहे.

अर्थिंगचा खड्डा ओलसर असेल तोवरच त्याचा रोध कमी राहतो. मीठ, कोळसा घालून पावसाळ्यात केलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि नेमके तेव्हाच उन्हाळी भुईमुगाला मोटार रोज चालू असते. फेब्रुवारी संपला की आठवड्यातून एकदा त्यात दोन बादल्या पाणी ओतावे, आणि अर्थिंगची तार मोटारीच्या बोल्टला घट्ट आहे ना, ते मेन स्विच बंद करून पाहावे.